मुलीचा कणा ४८ अंश : ऑपरेशन आता की दहावीनंतर?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, साडेचौदा वर्षांची. तिला स्कोलिओसिस आहे, म्हणजे कणा बाजूला वाकलाय. बारावं वर्ष सरता सरता चवथीचे (गणेशचतुर्थीचे) कपडे शिवताना शिंपिणीने सांगितलं की हिचा एक खांदा वर आहे आणि कमरेची एक बाजू आत गेलीय. एक्स-रे काढला तेव्हा वरचा बाक २७ अंश होता. लगेच ब्रेस लावला. आपल्याकडच्या उकाड्यात तो प्लास्टिकचा पट्टा अंगावर ठेवणं काय असतं ते तिलाच ठाऊक, पण तिने तक्रार न करता घातला. शाळेत मात्र ती काढून ठेवायची.

सहा महिन्यांपूर्वी ४३ होता. आता ४८. खाली कमरेतला दुसरा बाक ३१ आहे. पाळी येऊन दीड वर्ष झालं. रिपोर्टवर 'रिसर ३' लिहिलंय (हाडांची वाढ किती झाली त्याचं माप). एमआरआय नॉर्मल आहे. दुखत जवळजवळ नाही, कधी दप्तर घेऊन बसमध्ये उभी राहिली तर पाठ भरून येते एवढंच.

इथले डॉक्टर म्हणतात मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन करून टाका. मुंबईला दाखवलं, ते म्हणाले दहावी होऊ द्या, एका वर्षाने बिघडत नाही. दोघेही अनुभवी, दोघांनीही नीट वेळ देऊन सांगितलं. म्हणूनच मला जास्त कोडं पडलंय. सासूबाई तर म्हणतात, चालती-फिरती पोर, तिच्या पाठीत लोखंड कशाला घालता?

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहावं. केलं असेल तर केव्हा, आणि थांबला असाल तर का?

डिचोलीकर

अबोलीताई, आमचा मुलगा साडेबारा वर्षांचा असताना ५२ अंश होता. रिसर शून्य. उंची नुकती झपाट्याने वाढायला लागली होती. आमच्यापुढे 'थांबू का' हा प्रश्नच डॉक्टरांनी ठेवला नाही. म्हणाले, याची अजून खूप वाढ बाकी आहे, वाढीबरोबर बाकही पळणार, आणि तो ७०-८०च्या पुढे गेला की छाती आवळून फुप्फुसांवर परिणाम होऊ लागतो. दोन महिन्यांत ऑपरेशन झालं. आज तो बारावीत आहे, बरा आहे.

पण तुमच्या मुलीचं गणित वेगळं आहे. तिची बरीचशी वाढ होऊन गेलीय. आमचं उदाहरण बघून घाई करू नका, एवढं सांगायला लिहिलं. जाणकार बोलतीलच.

सत्तरीचा_माणूस

ताई, राग मानू नका. आमच्या गावात एक वैद्य आहेत, तेल लावून कणा बसवतात. माझ्या भावाची कंबर त्यांनी मोकळी केली. चाकू लावण्याआधी एकदा जाऊन पाहा.

शेवंती_फिजिओ

सत्तरीच्या दादांचा हेतू चांगला आहे, म्हणून शांतपणे लिहिते. मी म्हापशाला फिजिओथेरपी करते. भावाची कंबर मोकळी झाली असेल, कारण तिथे आखडलेले स्नायू होते. स्कोलिओसिसमध्ये मणके स्वतःभोवती फिरलेले असतात आणि त्यांच्याबरोबर बरगड्याही. पुढे वाकायला सांगितलं की एका बाजूचा उंचवटा दिसतो, तो याचाच. तेलाने स्नायूंना आराम मिळेल, मणक्याचा पीळ सुटणार नाही. आणि कोणी हिसका देऊन कणा 'बसवतो' म्हणाला तर वाढत्या मुलीला त्याच्या हाती अजिबात देऊ नका.

व्यायामाबद्दलही खरं तेच सांगते, कारण माझ्याकडे पालक फार आशेने येतात. जर्मनीच्या काटारिना श्रोथ यांच्या पद्धतीचे व्यायाम मी स्वतः शिकवते. दबलेल्या बाजूत श्वास भरायचा, आरशासमोर धड सरळ धरायला शिकायचं, असं ते काम असतं. लहान बाकात, ब्रेसच्या जोडीला त्यांचा उपयोग आहे. ४८ अंशांवर व्यायामाने ऑपरेशन टळेल असं मी कुठल्याच आईला सांगणार नाही. पण ऑपरेशनआधी पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट असतील, श्वास खोल असेल, तर नंतरचे दिवस नक्की हलके जातात. थांबायचं ठरलं तरी हे वर्ष त्यासाठी वापरा.

अबोली_फोंडा

शेवंतीताई, आभार. एक विचारू? ब्रेस शाळेतही घातला असता, तर बाक ४८ झालाच नसता का? रात्री झोप येत नाही या विचाराने.

जुना_बांबोळकार

मी हाडांचा डॉक्टर, आता निवृत्त. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे 'करा' किंवा 'करू नका' असं लिहिणार नाही. पण दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी का सांगितल्या असतील ते सांगू शकतो.

आधी ब्रेसचं. अमेरिका आणि कॅनडात यावर मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात ४८ टक्के. जास्त तास घालणाऱ्यांना जास्त फायदा झाला, हेही दिसलं. पण याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. काही मुलांचा बाक नीट ब्रेस घालूनही वाढतो आणि काहींचा न घालताही थांबतो. तेव्हा तुमची मुलगी कुठे मोडली असती हे कोणीही सांगू शकत नाही. तो हिशेब मनातून काढून टाका आणि तिच्यासमोर तर कधीच मांडू नका.

आता मूळ प्रश्न. ऑपरेशनचा विचार साधारण ४५-५० अंशांपासून सुरू होतो. हा आकडा आला कुठून, हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णांचा अमेरिकेतल्या आयोवात कित्येक दशकं पाठपुरावा केला गेला. त्यात दिसलं की वाढ संपताना ३० अंशांच्या आत असलेले बाक पुढे बहुधा स्थिर राहतात. छातीच्या भागातले ५० ते ७५ अंशांचे बाक मात्र मोठेपणीही सरकत राहतात, वर्षाला पाऊण ते एक अंश. वर्षाला एक अंश किरकोळ वाटतो, पण चौदा वर्षांच्या मुलीपुढे साठ वर्षं आहेत. म्हणून ५०ची रेघ. ४९ आणि ५१ मध्ये एका रात्रीत काही बदलत नाही.

त्यात मोजणीचा भाग आहे. फिल्मवर रेघा मारून कोन काढतात, ही कॉब यांची १९४८ ची पद्धत. तीच फिल्म दोन अनुभवी माणसांना दिली तर ५ अंशांपर्यंत फरक येऊ शकतो, कारण कोणता मणका टोकाचा धरायचा यावरच मतं वेगळी होतात. तुमच्याकडे ४३ चा ४८ झालाय. ही खरी वाढ असेल किंवा निम्मी मोजणीतली असेल. दोन्ही फिल्म एकाच डॉक्टरांसमोर ठेवून, तेच मणके धरून, पुन्हा मोजून घ्या. वेगवेगळ्या ठिकाणचे नुसते रिपोर्ट जुळवत बसू नका.

तिसरी गोष्ट वाढीची. रिसर ० ते ५ असं मोजतात, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून. ३ आणि पाळी येऊन दीड वर्ष, म्हणजे उंचीची मोठी झेप होऊन गेली. थोडी वाढ बाकी आहे. डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर याहून नेमकं कळतं. वाढ थोडीच उरली असेल तर मुंबईचे डॉक्टर 'एका वर्षाने बिघडत नाही' म्हणतात ते मला पटतं. आणि बाक ५० ओलांडणारच असेल तर 'आता करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही पटतं. दोघे खरं तर एकच सांगताहेत : ऑपरेशन बहुधा लागेल, पण ही धावपळीची वेळ नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या पोस्टमध्ये ती एका वाक्यात निघून गेली : खालचा ३१ अंशांचा बाक. वरचा मुख्य आणि खालचा त्याला तोलण्यासाठी आलेला असेल, लवचीक असेल, तर फक्त वरच्या भागातले मणके स्क्रू आणि रॉड घालून एकमेकांना जोडून खालचा मोकळा ठेवता येतो. तो आपोआप बराच सरळ होतो. कंबरेचे जितके मणके मोकळे राहतील तितकं वाकणं-वळणं शिल्लक राहतं. थांबण्याच्या काळात खालचा बाक मोठा आणि ताठ होत गेला तर उद्या तोही जोडावा लागू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंना वाकवून काढलेले एक्स-रे मागा, आणि दोन्ही डॉक्टरांना विचारा : आज केलंत तर कुठपर्यंत जोडाल, आणि वर्षाने केलंत तर कुठपर्यंत? उत्तर दोन्ही वेळी तेच आलं, तर दहावी होऊ द्यायला माझी हरकत नसेल.

मांडवी_काठ

मी थांबलेल्यांपैकी आहे, म्हणजे ऑपरेशन केलंच नाही. माझं वय ३६. सतरा वर्षांची असताना ५१ अंश होता, आता ५९ आहे. लग्न झालं, दोन मुलं झाली, पणजीत नोकरी करते, मुलांना घेऊन मिरामारला फिरते. अबोलीताई, सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हे कोणीतरी सांगायला हवं. डॉक्टरांनी ज्या आयोवाच्या अभ्यासाचं लिहिलं, त्यात पन्नास वर्षांनी हेही दिसलं होतं की बहुतेक लोक नीट जगले, कामं केली, आयुष्य कमी झालं नाही.

पण त्याच अभ्यासात जुनाट पाठदुखी ६१ टक्क्यांना होती, इतरांमध्ये ३५ टक्क्यांना. मी त्या ६१ मध्ये आहे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास आडवं पडल्याशिवाय स्वयंपाकाला उभी राहू शकत नाही. आता विचारलं तर डॉक्टर म्हणतात की करता येईल, पण कणा ताठ झालाय, जास्त मणके जोडावे लागतील, बरं व्हायला जास्त वेळ लागेल आणि धोकाही किशोरवयापेक्षा जास्त.

आणखी एक. कपड्यांचं. ओढणी कुठल्या बाजूला घ्यायची, फोटोत कुठल्या बाजूला उभं राहायचं, केस मोकळे सोडून फरा कसा झाकायचा, यात माझं सगळं कॉलेज गेलं. घरी म्हणायचे, दिसण्याचं काय एवढं. मुलीच्या मनात हे किती आहे ते तिला विचारा. दिसण्यासाठी ऑपरेशन नको, हे बोलायला सोपं आहे. शरीर तिचं आहे आणि तिला त्याच्यासोबत राहायचंय.

अबोली_फोंडा

मांडवीताई, तुमचं वाचून दोनदा उठून पाणी प्यायले.

काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं. आतापर्यंत डॉक्टरांपुढे ती गप्प बसायची, मीच बोलायचे. काल तिने स्वतः तीन प्रश्न लिहून दिले. एक : ऑपरेशन चालू असताना मध्येच जागं करतात असं तिने कुठेतरी वाचलंय, ते खरं का? दोन : चवथीला फुगडी घालता येईल का? तीन : मला विचारणार आहात की तुम्हीच ठरवणार?

तिसऱ्याचं उत्तर मी दिलं. पहिल्या दोनांचं इथे कोणी देईल का?

कुळागरातली

मी देते! वय १९, पंधराव्या वर्षी ५४ अंशांवर ऑपरेशन झालं, छातीपासून कंबरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत जोडलंय. हे तिला वाचायला द्या, काकू.

मलाही जागं करण्याचीच भीती होती. पूर्वी रॉड लावल्यावर भूल थोडी उतरवून 'पाय हलव' म्हणायचे, मज्जारज्जू ठीक आहे का बघायला. आता डोक्यावर आणि पायांवर तारा लावून संदेश जातोय-येतोय का ते ऑपरेशनभर यंत्रावर बघतात. सिग्नल गडबडला तर डॉक्टर तिथेच थांबून दुरुस्ती करतात. जागं करायची वेळ क्वचित येते. मला काहीच आठवत नाही. तुम्ही जिथे कराल तिथे हे न्यूरोमॉनिटरिंग आहे का, तो माणूस पूर्ण वेळ हजर असतो का, हे तोंड उघडून विचारा. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या हॉस्पिटलात यावर सरळ उत्तर मिळालं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो.

फुगडी : हो. पहिल्या चवथीला नाही घातली, नुसतं बसून गाणी म्हटली आणि खूप रडू आलं. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर घातली. बसून घालायच्या फुगड्याही जमतात, कारण कंबरेतून आणि गुडघ्यातून वाकता येतं. पाठीची गोलाई मात्र होत नाही. कासवासारखं अंग गोळा करता येत नाही. मागे वळून बघताना सगळं धड फिरवावं लागतं. गाडी रिव्हर्स घेताना हे रोज जाणवतं.

पहिले तीन-चार दिवस वाईट होते, गोड बोलून सांगणार नाही. कूस बदलायला दोन नर्स लागायच्या. दुसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा चक्कर आली. औषधांनी पोट साफ होत नव्हतं, ते दुखणं पाठीपेक्षा जास्त होतं. आठवड्याने घरी आले. महिना-सव्वा महिन्याने शाळेत, आधी अर्धा दिवस. दप्तर बाबा पोचवायचे. उंची एकदम दोन बोटं वाढली, युनिफॉर्म आखूड झाला.

आणि व्रण. ब्रिटनची राजकन्या युजेनी हिचं बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं होतं. २०१८ मध्ये लग्नात तिने मुद्दाम मागून खोल गळ्याचा झगा घातला, व्रण दिसावा म्हणून. तो फोटो मी आयसीयूत फोनवर ठेवला होता. तिलाही दाखवा.

डिचोलीकर

कुळागरातली, बाय, काय छान लिहिलंस.

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. बिलाचा मोठा वाटा स्क्रू आणि रॉडचा असतो. एस्टिमेट घेताना किती स्क्रू, कुठल्या धातूचे, मॉनिटरिंग धरलंय का, रक्त धरलंय का, हे वेगवेगळं लिहून मागा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण आहे. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. बाहेर जाण्याआधी बांबोळीला गोमेकॉतही (गोवा मेडिकल कॉलेजात) एकदा दाखवा.

नेटावरचा_बाबा

माझी मुलगी ११ वर्षांची, ४१ अंश. मणके न जोडता दोरी लावून करतात म्हणे, त्याचं काय? अबोलीताईंनाही ते चालेल का?

जुना_बांबोळकार

बाजूच्या मणक्यांत स्क्रू घालून त्यांना दोरीने ओढून धरतात, म्हणजे उरलेली वाढच बाक सरळ करते. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मर्यादित मान्यता मिळाली. त्याला वाढ शिल्लक लागते, म्हणून अबोलीताईंच्या मुलीला त्याचा फारसा फायदा नाही. तुमच्या मुलीबाबत विचारता येईल, पण दोरी तुटणं आणि पुन्हा ऑपरेशन लागणं जोडण्याच्या पद्धतीपेक्षा जास्त दिसतं. तेव्हा 'वाकता येतं' एवढ्यावर भाळू नका. तुमच्याकडे वेळ मात्र अबोलीताईंपेक्षा कमी आहे. अकरा वर्षं आणि ४१ असेल तर पुढच्या सहा महिन्यांवर विसंबू नका, याच महिन्यात कणातज्ज्ञाला दाखवा. स्वतंत्र धागा काढा, तिथे लिहितो.

धोक्यांबद्दल अबोलीताईंनी विचारलं नाही, पण लपवणं बरोबर नाही. किशोरवयीन मुलांमध्ये मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. जंतुसंसर्ग एक-दोन टक्के. काहींना पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागतं, स्क्रू सैल होतो किंवा खालचे मणके झिजतात. सासूबाईंच्या शंकेला हे आकडे सांगा. 'काही होत नाही हो' असं सांगितलंत तर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि का बसावा? लोखंड नसतं, टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोम असतं. वर्षभरात मणके एकमेकांना जुळून येतात, मग भार हाडच घेतं. पुढे बाळंतपणाला अडचण नाही, फक्त पाठीतून भूल देताना भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं.

अबोली_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही फिल्म इथल्या डॉक्टरांना एकत्र दाखवल्या. त्यांनी तेच मणके धरून पुन्हा मोजलं : आधीचा ४४, आताचा ४८. वाकवून काढलेल्या एक्स-रेत खालचा बाक ९ अंशांवर येतो. आज केलं तर कंबर मोकळी राहील म्हणाले. वर्षाने? "बहुधा तेच, पण लिहून देणार नाही."

लेकीने त्यांना स्वतः विचारलं की परीक्षा संपल्यावर केलं तर दहावी बुडेल का. डॉक्टर म्हणाले, मेच्या पहिल्या आठवड्यात केलं तर शाळा उघडून थोडे दिवस होईपर्यंत बसता येईल, पहिली चाचणी कदाचित चुकेल. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "दहावीचं वर्ष पुढच्या ऑपरेशनची वाट बघत नाही काढायचं मला. मेमध्ये करूया." सासूबाई मागे बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, रजेवर कोण राहणार ते आताच ठरवा, पहिला महिना मी आहे.

तर मे. मार्चमध्ये एक फिल्म होईल. बाक ४८वरच थांबलेला दिसला तर आम्ही तिघी पुन्हा बसून बोलू, तारीख दगडावरची रेघ नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८ आहे. यासाठी काय करू?

जुना_बांबोळकार

९.८ वर या ऑपरेशनला जाऊ नये. अजून वेळ आहे, तेवढ्यात ते १२च्या वर आणता येईल. कारण शोधायला सांगा. या वयात पाळीत जास्त रक्त जात असेल तर कारण बहुधा लोहाची कमतरता असते, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. गोळ्या डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, चहासोबत नको. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. मार्चची फिल्म आधी काढली तिथेच आणि तशीच उभी राहून काढा, पाठीमागून पुढे किरण जातील अशी, म्हणजे छातीला कमी मात्रा लागते. आणि मुंबईच्या डॉक्टरांनाही नव्या फिल्म पाठवा. दोघांचं एकमत होतंय का ते मेच्या आधी कळलेलं बरं.

कुळागरातली

काकू, तिला माझा निरोप द्या. ऑपरेशनआधी केस धुऊन दोन घट्ट वेण्या घालायच्या, नंतर बरेच दिवस धुता येत नाहीत. समोरून बटणं लागतात असे दोन-तीन सैल कुर्ते शिवून ठेवा. तिला काही विचारायचं असेल तर निरोपातून थेट मला विचारू दे, रात्री उशिरा विचारलं तरी चालेल.